पहाटेचा पहारा

ब्राह्ममुहूर्तावर जागणाऱ्याला विश्वाचे रहस्य उमगते म्हणतात. आमच्या घरात त्या वेळी दोन ससे जागतात आणि दातांनी पिंजऱ्याचे गज वाजवतात. एकदा गप्प करायला मी त्यांना कोथिंबिरीची काडी दिली. गज वाजवले की कोथिंबीर येते, हे रहस्य त्यांना तेव्हाच उमगले.

"आज उठलास तर उद्या चारलाच वाजवतील," बायको पांघरुणातून म्हणाली.

"आणि खालच्या काकू?"

आणखी एकदा झोपमोड झाली तर ससे इमारतीत राहणार नाहीत, असे काकूंनी बजावले होते. तेवढ्यात धप्प झाले. मी उठलोच.

अंधारात सशीण कान खिडकीकडे ताठ करून बसली होती. बाहेर घार नव्हती, कोल्हा नव्हता. चौथा मजला होता. तरी तिने पुन्हा मागचा पाय आपटला. बिळातल्या साऱ्या गोताला सावध करणारा हा ठोका कोणी न शिकवता दीड किलोच्या जीवात कुठून आला असेल? आम्ही सगळे, काकूंसकट, तिच्या पहाऱ्यात झोपत होतो.

मग माझी गोधडी दुमडून पिंजऱ्यात अंथरली. काकूंची तक्रार पुन्हा आली नाही. सशांच्या दातांना गजांपेक्षा गोधडी आवडली; तिचा एक कोपरा अजून शिल्लक आहे.