नवऱ्यानं दिलेली साक्ष

आमच्यात साक्ष देतात. रविवारी उपासनेत ज्याला वाटेल त्यानं उठायचं आणि प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. आमच्या ह्यांना साक्ष द्यायची भारी हौस. या उन्हाळ्याच्या सुरुवातीला हे असेच उठले आणि म्हणाले, आम्ही दोघांनी माझ्या थोरल्या वहिनीला माफ केलं आणि उपचारासाठी आमच्या घरी आणलं. आम्ही दोघांनी! मला विचारलं होतं का? बायका वळून वळून माझ्याकडं बघायला लागल्या, पाळक आमेन म्हणाले आणि मी आपली डोक्यावरचा पदर सारखा करत बसले.

ह्यांची थोरली वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ, आक्का. सोनारीकडच्या गावात आम्ही एकत्र राहत होतो. आम्ही बाप्तिस्मा घेतला आणि आक्कांनी आमची चूल वेगळी करून दिली. त्याचं मला फार वाटलं नाही, चुली कुठं वेगळ्या होत नाहीत? पण पुढं सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्यांनी मला लेकीसारखं वागवलेलं. शेवटच्या दिवशी त्या मला हाका मारत होत्या आणि आक्का दारात आडव्या उभ्या. बाटलेल्या बाईचा हात लागला तर म्हातारीला गती मिळायची नाही, म्हणाल्या. मी अंगणात उभी राहून हाका ऐकत राहिले. हाका थांबल्या तेव्हाही मी तिथंच उभी होते.

आता आक्कांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. थोरले दीर वारले, मुलगा पुण्यात. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा गावाहून धाराशिवला एसटीनं ये-जा करणं त्यांच्यानं होत नाही, म्हणून त्या इथं धाराशिवात आमच्याकडं. म्हणून माझं हे असं चाललंय. सकाळी उठून भाकऱ्या थापायच्या, त्यांची भाजी उकळून ते पाणी ओतून द्यायचं, मीठ नावापुरतं घालायचं, त्यावर त्यांची बोलणी खायची. मग रिक्षा, मग दवाखान्यातला बाक. घरी आलं की त्यांचे पाय चेपायचे. प्रार्थनेला गुडघे टेकले की मला तिथंच डुलकी लागते. पाळक सांगतात, प्रेम हा विश्वासाचा पाया. माझा तर पायाच भरलेला नाही आणि वर भिंतीचं काम रोज चालू आहे. लोक येता-जाता म्हणतात, बाई, तुमचं मन किती मोठं! मला वाटतं, एकदा ओरडून सांगावं की मन कसलं मोठं, मी नुसती दमलेय.

शेवटी मी ठरवलं. रविवारी हे उपासनेवरून आले की स्पष्ट सांगायचं, आता माझ्यानं होत नाही, त्यांना पुण्याला मुलाकडं पोचवा.

त्या रविवारी आक्कांजवळ मी एकटीच होते. ऊन मी म्हणत होतं. डॉक्टरांनी त्यांना दिवसाचं पाणी ठरवून दिलंय, कारण मागं एकदा त्या शेजारी जाऊन पोटभर पाणी पिऊन आल्या आणि ते छातीत भरलं, जीव जाता जाता वाचला. त्या दिवशी त्यांच्या वाट्याची बाटली दुपारच्या आधीच संपली. त्यांनी पाणी मागितलं, मी नाही म्हटलं. पुन्हा मागितलं, पुन्हा नाही म्हटलं. मग त्या बाजेवर उठून बसल्या.

"सासूच्या वक्ताचा वचपा काढतीस व्हय माझ्यावर?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "वचपा काढायचा असता ना आक्का, तर माठ उचलून तुमच्या उशाला ठेवला असता."

मला माझ्याच बोलण्याची भीती वाटली. फडकं ओलं केलं आणि त्यांच्या ओठांवरून फिरवलं. ओठांना भेगा पडल्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं.

"मंग भावजी म्हनत्यात ते खरं हाय का? माफ केलंस मला?"

हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? आजारी माणूस. पण त्या थेट माझ्या तोंडाकडं बघत होत्या आणि खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं.

"नाही आक्का. अजून नाही झालं माझ्यानं."

मला वाटलं, आता रडतील, नाहीतर शिव्या देतील. पण त्यांनी मनगट सोडलं नाही.

"न्हाय केलंस तरी चालंल," त्या म्हणाल्या. "पन मला दुसऱ्या कुनाच्या हाती देऊ नगंस."

हे आले, चप्पल काढता काढता विचारलं, काय म्हणतीय वहिनी? मी म्हटलं, झोपल्यात. आणि ज्वारी संपत आलीय, संध्याकाळी दळण आणा.