भाड्याची खोली आणि पेत्र

येशूच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट आई आम्हाला रागानं सांगायची. येशूला धरून नेलं, अंगणात शेकोटीपाशी लोकांनी विचारलं, तू त्याच्याच बरोबरचा ना, आणि पेत्र सरळ नाही म्हणाला. तिथंच ती गोष्ट संपवायची. "मी असते तर छाती ठोकून व्हय म्हणाले असते!"

आई नर्स होती. कन्नड गावाहून तिची शहरात बदली झाली आणि आम्ही क्रांती चौकामागच्या गल्ल्यांत खोली शोधत हिंडू लागलो. आम्ही ख्रिस्ती आहोत हे कळलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. शेवटच्या घरी शिरताना आईनं गळ्यातला क्रूस पोलक्यात सारला.

"ख्रिस्ती तर नाय ना तुम्ही?" घरमालकीणबाईंनी विचारलंच.

"नाय ओ बाई," आई म्हणाली. मी जमिनीकडं बघत राहिले.

भाडं ठरलं. पोह्यांच्या बशा आल्या. आईनं बशी हातात घेतली आणि सवयीनं डोळे मिटून मान खाली घातली. तिचे ओठ हलू लागले. मी पदर ओढला, पण आमेन म्हटल्याशिवाय ती थोडीच थांबणार!

बाई बघत होत्या.

"पोहे निवतील," त्या शेवटी म्हणाल्या. "अन् खोलीत भिंतीला खिळा हाय. तुमच्या देवाला तिथं लावा."

आई बशी ठेवून बाहेर गेली आणि ओट्यावर बसून हमसून हमसून रडली. गोष्टीतला पेत्रही शेवटी बाहेर जाऊन असाच रडतो. तेवढं आईनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.