मधल्या टाळ्या

हे मी आईला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या सदालाही नाही — आणि सदा तर माझा नवरा आहे. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही आबांना पाहिलेलं नाही, म्हणून असेल.

आबा म्हणजे माझे सासरे. पण तेव्हा ते नुसते सदाचे आबा होते — मंगळवार पेठेत राहणारे, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. सदाने जुना सॅक्सोफोन मिळवला होता आणि कॉलेजातली आम्ही पाच जणं त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून जॅझ वाजवायचो. मी कीबोर्डवर. जॅझ म्हणजे काय हे गल्लीत कुणाला कळत नव्हतं — आम्हाला तरी कुठे कळत होतं? — पण आबा रोज चहा आणून द्यायचे आणि दाराशी बसून मान हलवायचे. माझा हात चुकला की हळूच डोळे मिटून घ्यायचे. रागवायचे नाहीत.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी मला काढलं. नवा पोरगा आला, माझ्यापेक्षा चांगला वाजवणारा — हो, चांगलाच, तेही कबूल करून टाकते. सदा गप्प बसला. त्या पोराचा राग आला होताच, पण खरं सांगू? सदाच्या गप्प बसण्याचा जास्त आला होता.

तरी गेले. पहिल्या रांगेत आबांशेजारी बसले. त्यांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत गुलाबी फेटा. आमच्या कोल्हापुरात पोरगं कुस्ती मारो नाहीतर बारावी पास होवो, डोक्याला फेटा बांधल्याशिवाय सत्कार पुरा होत नाही. लेकाचं वाजवून झालं की चारचौघांत आपल्या हाताने तो बांधायचा, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

सदा त्या दिवशी असा काही वाजवत होता की — नाही, त्याचं कौतुक करत मी उगाच लांबवतेय. जॅझमध्ये एकाचं एकट्याचं वाजवणं झालं की मध्येच टाळ्या पडतात. गाणं संपलेलं नसतं, दुसरा सुरू करतो. हे मला पक्कं माहीत होतं. सदाचं झालं, टाळ्या पडल्या, तो मागे सरला आणि माझ्या जागेवरचा तो पोरगा सुरू करणार, तेवढ्यात आबा माझ्याकडे वाकले.

"सुमे, झालं न्हवं?"

मी म्हणाले, "झालं की आबा. जावा."

ते स्टेजवर गेले. वाजवणाऱ्या पोरांमधून वाट काढत सदाच्या डोक्याला फेटा गुंडाळायला लागले. कीबोर्ड अडखळला, ड्रमवाला थांबला, हॉल हसला. मला हेच हवं होतं ना? माइक समोरच होता. सदा म्हणाला, "आबा, खाली जावा. अब्रू घालवू नका." शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. आबांनी फेटा हातावर नीट गुंडाळला, खाली आले, माझ्याशेजारी बसले. "घाईच झाली माझी," एवढंच म्हणाले. मी समोर बघत राहिले.

पुढे त्याच घरात सून म्हणून गेले. मीच त्यांना जा म्हणाले होते, हे आबांनी कधी कुणाला सांगितलं नाही. सदाच्या कार्यक्रमांना ते यायचे, पण आत बसायचे नाहीत — दाराबाहेर, चपलांपाशी उभं राहून ऐकायचे. एकदा स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. मी सुरुवात केली — आबा, त्या दिवशी मी... ते म्हणाले, "च्याला उकळी आली बघ." मी गॅस बारीक केला. सुटल्यासारखं वाटलं मला, हेही लिहायला हवं.

आता आबा नाहीत. माझा फार जीव होता त्यांच्यावर, आणि त्यांचा माझ्यावर — हे लिहितानाही लाज वाटते. सदा दर वर्षी त्यांच्या तिथीला कपाटातून तो फेटा काढतो, नैवेद्याशेजारी ठेवतो आणि मुलांना सांगतो, मी माझ्या बापाला सगळ्यांदेखत खाली जा म्हणालो. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, जाऊ दे, गाणं संपलं नाही हे आबांना कळलं नव्हतं ना.

कळलं कसं नव्हतं? शंका आली म्हणूनच तर त्यांनी मला विचारलं होतं.