पार्वतीच्या घरी ठेवलेला देव

पार्वती कोळीण भित्री होती म्हटलं तर अंधेरीच्या मासळी बाजारात मलाच वेड्यात काढतील. भाव पाडून मागणाऱ्याला ती अशी झाडायची की मागचं गिऱ्हाईक मुकाट्याने पिशवी पुढे करायचं. पण चौऱ्याऐंशी साली मी तिला भ्यालेली पाहिली, आणि तशी भीती नंतर कुणाच्या तोंडावर पाहिली नाही.

मी पार्ल्याचा, एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचो. तिच्या खाडीकाठच्या गावात खुंटेश्वराचं जुनं देऊळ होतं. ते उतरवून पुन्हा बांधायचं ठरलं आणि साहेबांनी मला मापं घ्यायला धाडलं. देऊळ कसलं, टेप धरणाऱ्याचा छळ! गाभाऱ्याच्या दोन भिंती सारख्या नाहीत, दगड निरनिराळ्या घडणीचे, दारावरच्या पट्टीतलं कमळ चक्क उलटं. धोंडू गुरव सांगायचा, फिरंग्यांनी पहिलं देऊळ फोडलं तेव्हा कोळ्यांनी पिंडी खाडीच्या चिखलात पुरली आणि खुणेला वर होडी बांधायचा खुंट ठोकला. राज्य बदलल्यावर ती काढली आणि सापडले ते दगड रचून हे देऊळ उभं केलं. मंडपाचे लाकडी खांब म्हणजे जुन्या गलबतांच्या डोलकाठ्या म्हणे. खरंखोटं देव जाणे, पण ते वर निमुळते होत गेले होते एवढं खरं. घुमटात पिंपळाने मुळं घातली होती, त्यामुळे हात लावणं भागच होतं.

पण देव आत असताना दगडाला पहार लावत नाहीत. भटजी मंत्र म्हणून देवाला तांब्याच्या कलशातल्या पाण्यात घेतात आणि काम पुरं होईपर्यंत तो कलश एखाद्या घरी ठेवतात. कुणाच्या घरी, हे देवालाच विचारलं. ओल्या पिंडीला फुलं चिकटवून गुरव एकेक घर उच्चारत गेला आणि पार्वतीच्या नावाला उजवं फूल गळलं, म्हणजे देवाचा होकार.

लोक म्हणाले, नशीब काढलंस. पार्वतीचं धाबं दणाणलं. कलश कलला की गावाची होडी कलते, असं बायका बोलायच्या. कुठल्या पोथीत ते लिहिलेलं नव्हतं, पण तिचा नवरा हरेश्वर दर्यावर आणि पोथी घरात, मग पोथीचं कोण ऐकतो? कोळ्याच्या घरात मासळी शिजणं बंद झालं. पोरांना अंगणात पिटाळलं. बाजार सोडून ती त्या तांदळावर ठेवलेल्या कलशापुढे बसून राहायला लागली.

दिवाळी उलटली. रेडिओने वादळाचा इशारा दिला, गावाच्या होड्या अजून बाहेर. त्याच सकाळी ती देवळाशी धावत आली. "धोंडूदादा, घरी चल. आताच्या आता." मीही मागोमाग गेलो.

कलशाखालचे तांदूळ ओले होते. तांब्याच्या सांध्यात हिरवट भेग पडली होती आणि पाणी झिरपून गेलं होतं. धोंडूचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "दुसरा कलश आणू, पाणी भरू. कुणाला कळतंय?"

"मना कळतंय ना," पार्वती म्हणाली. "ज्यांची माणसं दर्यावर हायत, त्यांना बोलव."

बायका आल्या. पार्वतीने लपवाछपवी न करता सांगून टाकलं की देव माझ्या घरातून गळला. मला वाटलं, आता हिची धडगत नाही. शेजारची मथुरा पुढे झाली, तिचे दोन्ही मुलगे बाहेर होते.

"पानी गेलं कुठं?"

"तांदळात."

"मंग देव तांदळात हाय. ओटी पसर गो."

एकेक दाणा वेचून पार्वतीच्या ओटीत घातला. ती पदर गच्च धरून घुमट उतरवलेल्या उघड्या गाभाऱ्यात पिंडीशी जाऊन बसली. भटजींशिवाय देव खाली ठेवता येईना, आणि माणसं परत आल्याशिवाय ती उठेना. पाऊस सुरू झाला. बायकांनी वर ताडपत्री धरली, एक कोपरा माझ्याकडे आला. वाऱ्याने ती फडफडायची तेव्हा मी माझा कोपरा दोन्ही हातांनी ओढून धरायचो. मी काही देवभोळा नाही, पण त्या दिवशी त्या पदराकडे बघवत नव्हतं. एखादा दाणा सांडेल आणि कुठेतरी होडी बुडेल, असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला आणि होड्या आल्या. हरेश्वर चिंब भिजून दाराशी उभा राहिला. "पारू, ऊठ. आलू आम्ही."

"सगळ्यांची नावं सांग," ती म्हणाली. नवरा समोर धडधाकट दिसत होता, तरी पदर सुटला नव्हता.

तो नावं घेत गेला. एकेका नावाला एकेक बाई रडत किनाऱ्याकडे पळाली. मथुराच्या थोरल्याचं, गुणाजीचं नाव आलं. मग हरेश्वर थांबला.

"कुंडलिक?" मथुराने विचारलं.

तो खाली बघत राहिला.

पार्वती पांढरीफटक पडली. आता मथुरा काय बोलेल ते मला कळत होतं, पार्वतीलाही कळत होतं. मथुरा चालत आली, गुडघ्यांवर बसली आणि पार्वतीच्या ओटीत तोंड खुपसून तिने हंबरडा फोडला.

पार्वतीने पदर सोडला आणि दोन्ही हातांनी तिला पोटाशी धरलं. तांदूळ सगळ्या गाभाऱ्यात सांडले. ते उचलायला कुणी वाकलं नाही.