छप्पन्न पानं

शेजारच्या ओक्दानचा नवरा, प्यो इन-गिल, कोरियाच्या राजधानीत, हानयांगच्या दरबारात इतिहास-लेखनिक होता. राजासमोर कोण काय बोललं ते तिथे बसून टिपायचं आणि घरी येऊन त्यावर आपलं मत वेगळं लिहून ठेवायचं, ही त्याची नोकरी. ती घरची पानं राजालासुद्धा दाखवायची नसत. हिवाळ्यात तो तापाने गेला. ओक्दान रडली नाही. प्रेत घरात असताना तिने मला विचारलं, "मीठ आहे का गं थोडं?"

पुढल्या वर्षी राजा वारला. त्याच्या कारकिर्दीचा इतिहास रचायला कचेरी बसली आणि हुकूम निघाला, लेखनिकांच्या घरची पानं आणून द्या.

लगेच तिचा धाकटा दीर इन-सु आला. मी तिथेच रजई शिवत बसले होते. त्याने पेटी उघडून पानं चाळली आणि एक बाहेर काढलं.

"वहिनी, एवढं चुलीत घाला."

"काय आहे त्यात?" ओक्दानला आपली साधी लिपी येई, ही चिनी अक्षरं नाही.

"काकांबद्दल आहे. दुष्काळात सरकारी कोठारातलं धान्य विकलं म्हणून."

"विकलं होतं का?"

"ते आता कशाला उकरताय? काकांमुळेच आपण सगळे चार घास खातो."

"भाऊजी, जाताना ह्यांनी सांगितलं होतं, छप्पन्न पानं आहेत. छप्पन्नच देणार."

"दादा मेला, तुम्हाला जगायचंय ना?"

तिने हात पुढे केला. इन-सुने पान जमिनीवर टाकलं. तिने ते उचलून गठ्ठ्यात घातलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं कचेरीत पोचतं केलं.

काकांना ते इन-सुनेच सांगितलं. इन-गिलच्या श्राद्धाला सासरचं कोणी आलं नाही. काकांकडून येणारा वाट्याचा तांदूळ बंद झाला. ओक्दान लोकांचे कपडे शिवू लागली. कसं चाललंय विचारलं की म्हणायची, "चाललंय."

तिसऱ्या वर्षी इतिहास पुरा झाला. मग रिवाजाप्रमाणे सगळी कच्ची पानं वेशीबाहेरच्या ओढ्यात धुवायला नेली. शाई गेली की लगद्याचा पुन्हा कागद करतात. आम्ही दोघी बघायला गेलो. गुडघाभर पाण्यात माणसं गठ्ठे चोळत होती, खाली पाणी काळं वाहत होतं.

मी एका कारकुनाला गाठलं. "दादा, हिच्या नवऱ्याचं लिहिलेलं आत घेतलं का हो?"

"मावशी, ते सांगितलं तर माझी मान जाईल. इतिहास आता कुलपात गेला, तो कोणीच वाचायचा नाही."

मला भडभडून आलं. ओक्दान पाण्याकडे बघत होती.

"तुला काहीच वाटत नाही का गं?"

"नाही," ती म्हणाली. "वाटायला हवं होतं."

मग आम्ही घरी आलो. त्यानंतर ती एकोणीस वर्षं जगली. सासरच्या कोणी तिच्या दारात पाऊल टाकलं नाही, आणि तिनेही कोणाचं दार ठोठावलं नाही.