उरलेली पिन

आमच्या दादाला एका जागी बसवणं म्हणजे मांजराला अंघोळ घालणं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा हा माणूस घरभर फिरत दाराच्या बिजागऱ्या आवळत असतो. वहिनीने हात टेकले, मीही टेकले.

बावीस वर्षं तो फिटर आहे. परदेशातून मोटरसायकली आमच्या शेडमध्ये सुट्ट्या येतात: इंजिन एका खोक्यात, चाकं दुसऱ्यात, नटबोल्ट पुड्यांत. मी यादीवरून भाग मोजून ताटल्यांत लावते. दादा आणि आणखी दोघे गाड्या जोडतात. संध्याकाळी ताटली रिकामी व्हायलाच हवी. पाठवणारे साधा वायसरही जास्तीचा देत नाहीत.

त्या दिवशी चोवीस गाड्या ट्रकवर चढल्या आणि ताटलीत एक पिन उरली. मागच्या चाकाचा नट सुटू नये म्हणून घालतात ती, बोटाच्या पेराएवढी. मालक म्हणाले, जास्तीची आली असेल. माझं डोकंच फिरलं. म्हणजे मी काय झोपा काढत मोजते? तरी ट्रकची घाई बघून मी गप्प बसले. दादा मात्र ट्रकपुढे जाऊन उभा राहिला. मालक भडकले. उतरवा गाड्या, म्हणाले, पण सगळ्यांना पिन निघाली तर उद्यापासून तू येऊ नकोस. घरात दोन पोरी शिकतायत, आणि हा शहाणा नुसता मान हलवतो!

एकेक गाडी उतरली. दादा वाकून बोटांनी चाचपायचा आणि पुढे सरकायचा. एकविसाव्या गाडीला पिन नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. मग मी सीटखाली पाहिलं. जोडणारा प्रत्येक जण तिथे खडूने आपली खूण करतो. तिथे फुली होती. फुली दादाची.

मालक दाराशी फोनवर बोलत होते.

"खूण पुसते मी," मी हळूच म्हटलं, "मग बोलव त्यांना."

त्याने माझा हात धरून बाजूला केला आणि मालकांना हाक मारली.

"ही माझी गाडी आहे," तो म्हणाला. "दोन महिने झाले, जवळचं धड दिसत नाही. चष्म्याने भागणार नाही, असं डॉक्टर म्हणालेत. मी बोटांच्या अंदाजाने काम करत होतो. तेव्हापासूनच्या माझ्या सगळ्या गाड्या परत बोलवा."

मालकांनी विचारलं, किती आहेत.

"तीनशे ब्याऐंशी."

क्षणभरही थांबला नाही तो. दोन महिने हा आकडा एकट्याने वाढवत बसला होता, आणि रोज शेजारी उभ्या असलेल्या मला, सख्ख्या बहिणीला, त्याचा पत्ताही नव्हता.