गालाचा अंदाज

शिकंज्यातून काढलेलं प्रत्येक पुस्तक ती आधी गालाला लावायची. डावा गाल, डोळे मिटलेले, मोजून तीन श्वास. पोराचा ताप पाहायला आपण त्याच्या कपाळावर हात ठेवतो ना, अगदी तसं. पुस्तकात ओल राहिली असेल तर ते गार लागतं. वाळलं असेल तर ना गार ना गरम, नुसतं पुस्तक लागतं. गार लागलं की ती ते पुन्हा लोखंडी शिकंज्यात सारायची, वरचं चाक आवळायची आणि म्हणायची, “झोप अजून.” वर्षानुवर्षं, रोज सकाळी दहाला, चहाच्या आधी.

बाइंडिंगच्या त्या दुकानात तिला सगळे खळमावशी म्हणत. पुठ्ठ्यावर कापड चिकटवायची खळ ती स्वतः शिजवायची आणि तशी खळ दुसऱ्या कुणाला जमत नसे, हे त्या नावाचं एक कारण. दुसरं म्हणजे, एकदा बोलायला लागली की तिच्या बोलण्याला खळ नसे. शब्दकोशात खळ म्हणजे दुष्ट असाही अर्थ दिलाय, हे तिचा भाचा सांगायचा. पण ते तो दुकानाबाहेर उभा राहून सांगायचा.

दुकान तिच्या भावाचं. तो गेल्यावर भाच्याकडे आलं. पुढे काउंटर, मागे लांब टेबल, टेबलाच्या टोकाला शिकंजा आणि तिच्या खुर्चीच्या डावीकडे खिडकी. गावाची हवा अशी, की तिच्याबद्दल तक्रार करायची तर माणसाला मुद्दाम वेळ काढून बसावं लागे. वर्षातल्या दहाएक दुपारी घाम यायचा. त्या दुपारी खिडकी सताड उघडायची, पंखा एकवर ठेवायचा आणि सुट्या पानांवर लोखंडी वजनं ठेवायची. झालं. यापलीकडे हवेचा विषय त्या दुकानात कधी निघाला नव्हता.

तो निघाला समोरच्या चष्मेवाल्यामुळे. त्याने काचेचं दार लावलं आणि एसी बसवला.

“आत्या, त्याच्याकडे गिऱ्हाईक दोन मिनिटं जास्त थांबतं,” भाचा म्हणाला.

“आंधळी गिऱ्हाइकं आहेत त्याची. दार सापडत नसेल.”

“तू हसण्यावारी नको नेऊस. रस्त्याची धूळ येते आत. परवा त्या वकिलांच्या पुस्तकावर सोनेरी अक्षरं उठवताना पंख्याने वर्ख उडाला, तो तुझ्या केसांत सापडला. आठवतंय?”

आठवत होतं. धुळीचं आणि वर्खाचं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच ती जास्त चिडली. “मग जाळी लाव खिडकीला! ढेकूण चावला म्हणून घर जाळतोस का?”

जाळी दोन दिवसांत लागली असती. एसी एका दिवसात लागला. मिस्त्रीने खिडकीच्या फटींत स्पंज कोंबला, वरून चिकटपट्टी मारली, आणि यंत्र नेमकं तिच्या खुर्चीच्या वर, डाव्या अंगाला बसवलं. का, तर वायर तिथपर्यंतच पुरत होती.

पहिल्या आठवड्यात दुकानात जे सुरू झालं, त्याला काय म्हणावं हे तिला कळेना. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून हिंडत होते आणि आत शिकंजाकाका माकडटोपी चढवून बसले होते. शिकंजाकाका म्हणजे पुठ्ठे कापणारे, चाक फिरवणारे, तिच्याहून दोन वर्षांनी मोठे, शांत गृहस्थ. घरून येताना ते टोपी पिशवीत घालून आणत आणि दुकानात शिरताना काढून घालत.

“काका, लोक बाहेर जाताना टोपी घालतात.”

“मावशी, तुम्हीसुद्धा शाल काढलीत की आज.”

“शाल काढली नाही, गुंडाळली. काढायची संधी कुठे देतोय हा?” ती काउंटरकडे बघून आवाज चढवायची. “अरे, बाहेर आहे तीच हवा आत घ्यायला काय धाड भरलीय तुला? आधी पैसे टाकून गारठा विकत घ्यायचा, मग लोकरी कपडे घालून तो हाकलायचा! याला धंदा म्हणतात?”

“सवय होईल,” भाचा म्हणायचा. त्याने स्वतः स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली असायची.

आणि सवय झाली. तिथेच सगळं बिनसलं.

सुरुवातीला गालाला लावलेलं प्रत्येक पुस्तक तिला गार लागायचं. म्हणून ती सगळीच परत आत सारायची. शिकंजा भरून वाहू लागला. काका म्हणाले, मावशी, नवीन कुठे ठेवू? भाचा म्हणाला, आत्या, लोक न्यायला आलेत. तेव्हा तिने मनाशी एक हिशेब बसवला: हा गारवा यंत्राचा आहे, पुस्तकाचा नाही, तेवढा वजा करायचा. त्यानंतर ती रोज गालाला लावून तेवढा गारवा वजा करू लागली. पुस्तकं वेळेवर निघू लागली. भाचा खूश झाला.

त्याच सुमारास वाचनालयाचं काम आलं होतं. जुन्या मासिकांचे साठ खंड, एका मापाचे, एका कापडाचे. पहिले वीस गेले आणि पंधरा दिवसांनी ग्रंथपालबाई रिक्षात अकरा खंड घालून स्वतः आल्या. काउंटरवर एकेक ठेवत गेल्या. एकाही खंडाचा वरचा पुठ्ठा सपाट बसत नव्हता. कडा वर उचलल्या होत्या, तोंडं अर्धवट उघडी.

“मावशी, तुमची पुस्तकं जांभया देताहेत,” बाई म्हणाल्या. रागाने नव्हे. रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

एकतीस वर्षांत तिच्या हातचं पुस्तक जांभई देत परत आलं नव्हतं. त्या दुपारी दुकानात एवढी शांतता होती, की एसीच्या पोटातला खडखड आवाज काकांना प्रथमच ऐकू आला.

संध्याकाळी भाचा खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला. फार गोड आवाजात बोलायला लागला, तेव्हाच ती समजली.

“आत्या, एक सुचवू? खळ शिजवायची दगदग आता नको. तयार गोंद येतो डब्यात, तो काका लावतील. तू पुढे काउंटरवर बस. लोकांशी तुझ्याइतकं छान कोण बोलतं?”

“म्हणजे माझा हात गेला म्हणतोस.”

“मी असं कुठे म्हटलं? वय झालं की अंदाज थोडा इकडेतिकडे...”

“खळ तीच आहे. पुठ्ठा तोच आहे. बदललं काय, ते वर बघ.”

“झालं! खळ पातळ झाली, एसी. सुरी बोथट झाली, एसी. उद्या तुझे गुडघे दुखले तरी एसीच!”

“दुखतातच,” ती म्हणाली.

पण घरी जाताना तिचा पाय उचलेना. भाच्यावर ओरडणं सोपं होतं. स्वतःच्या हाताकडे बघणं सोपं नव्हतं. खरंच गेला असेल हात? भावाचासुद्धा शेवटी गेला होता, आणि त्याला ते सगळ्यांच्या नंतर कळलं होतं. त्या वेळी त्याला खोटं न सांगता गप्प कसं राहायचं, हे ती रोज नव्याने शिकत होती. आता आपल्यासमोर शिकंजाकाका तसेच गप्प राहताना तिला दिसू लागले.

भाच्याने सोमवारपासून काउंटर, असं ठरवून टाकलं. तिच्याकडे चार दिवस होते. परत आलेल्या खंडांपैकी एक तिने उसवून नव्याने बांधला. खळ तीनदा गाळली, पुठ्ठ्याला कापड लावताना एक बुडबुडा ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी दहाला शिकंज्यातून काढला, गालाला लावला, यंत्राचा गारवा वजा केला. वाळलेला. काकांनीही हात लावून सांगितलं, “खडखडीत.” हा जांभई कधी देतो ते डोळ्यांनी बघायचं, म्हणून तिने तो पिशवीत घातला आणि चहा न घेताच बाहेर पडली.

कोपऱ्यावरच्या बाकावर ऊन आलं होतं. तिथे ती बसली. शाल काढली, पिशवी उन्हात ठेवली. पंधरा मिनिटं नुसती बसून राहिली. गाल हळूहळू आपल्या जागेवर आले. मग खंड बाहेर काढला आणि सवयीने गालाला लावला.

गार. चांगला ओला गार.

तिने उजव्या गालाला लावून पाहिला. मग पुन्हा डाव्या. मग बाकावरून उठून, शाल तिथेच विसरून, ती दुकानात आली.

“दोघेही बाहेर या. हातातलं टाका.”

“आत्या, गिऱ्हाईक आहे.”

“त्यांनाही घेऊन ये!”

गिऱ्हाईक आलं नाही; भाचा आणि काका आले. तिने दोघांच्या हाती आज काढलेला एकेक खंड दिला, आपला स्वतः घेतला आणि घड्याळ लावून त्यांना पंधरा मिनिटं पदपथावर उभं केलं. काकांनी टोपी काढली. भाच्याने स्वेटरची दोन बटणं सोडली. मग तिच्या हुकमावरून तिघांनी आपापला खंड गालाला लावला आणि डोळे मिटले.

समोरच्या चष्मेवाल्याने काचेचं दार ढकलून मान बाहेर काढली. “काय हो, सगळ्यांच्या दाढा एकदम दुखायला लागल्या?”

“तुमच्यामुळेच!” मावशी डोळे न उघडता म्हणाली.

काका हळूच बोलले, “ओलं आहे, मावशी.”

भाच्याने खंड गालावरून काढला, पालथ्या हाताला लावला, पुन्हा गालाला लावला. “पण आत तर वाळलेला लागत होता.”

“आत तुझा गालच मेलेला असतो. रात्रभर खिडकी बंद, ओल जाणार कुठे? जिथे एक रात्र पुरायची तिथे दोन लागताहेत. आणि सकाळी इथे सगळंच गार; त्यातलं ओलं कुठलं, हे कळायचं कसं? मी आपली वजाबाकी करत बसले.”

भाच्याने बोटांवर रात्री मोजल्या. मग त्याचा चेहरा उजळला. “म्हणजे चूक तुझीच होती!”

काकांनी टोपी पुन्हा घालून टाकली, कानांवरून.

“होय,” ती म्हणाली. “ओली पुस्तकं मीच काढली. चूक माझी. गाल माझा, गारठा तुझा.”

इतकं होऊनही एसी लगेच बंद झाला असं नाही. भाच्याने आधी यंत्राच्या तोंडाला पुठ्ठ्याची झडप बांधली; मग सगळा झोत काउंटरवर येऊ लागला आणि ग्रंथपालबाई पावती घेताना तीनदा शिंकल्या. मग त्याने खिडकीवरची पट्टी काढून खिडकी उघडली, पण यंत्रही चालू ठेवलं. मिस्त्री म्हणाला, साहेब, अशाने तुम्ही अख्खा रस्ता गार करताय. एका सकाळी यंत्र लागलंच नाही. विचारणाऱ्याला भाचा सांगायचा, “सर्व्हिसिंगचं बघतोय.” ते तो पुढे सहा वर्षं बघत होता. खिडकीला जाळी तेवढी लागली.

‘तुझं बरोबर होतं,’ असं तो तिला कधी म्हणाला नाही. काउंटरचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. साठही खंड तिच्याच हातून गेले. जांभया देणारे अकरा तिने उसवून पुन्हा बांधले. त्यानंतर कुणी घाई करायला आलं, तर भाचा स्वतःच सांगायचा, “आत्या हो म्हणेल तेव्हा.”

शेवटच्या शनिवारी शिकंज्यात तीन पुस्तकं होती. एका शिक्षकांना रविवारी गावाला जाताना ती न्यायची होती आणि त्यांचा दोनदा फोन येऊन गेला होता. रविवारी दुपारी जेवून ती जी आडवी झाली, ती उठली नाही. पण शनिवारी तिला काही होत नव्हतं. नेहमीसारखी हात धुऊन, पिशवी खांद्याला लावून ती निघाली. भाच्याने विचारलं, उद्या सकाळी मीच येऊन काढली आणि दिली तर चालेल ना? ती दारात थांबली आणि वैतागून म्हणाली, “सोमवारी, म्हटलं ना! त्यांना सांग, गाव कुठे पळून जात नाही.”